अंगणवाडीला अंगण: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

९ जून

जागा: सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वाडीवरची एक अंगणवाडी. पटावर ३ ते ६ वयाची २४ मुलं. अंगण ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. खोलीला लागून ३ मीटरचा पट्टा कोब्याचा, बाकी मुरूम. पूर्वेच्या कडेला एक मोठा कडुलिंब आहे, ही जमेची बाजू. खेळाचं सामान म्हणजे पत्र्याची एक घसरगुंडी आणि प्लास्टिकचा एक चेंडू.

आधी हिशोब. २४ मुलं आणि चेंडू एक. फेकणं, आणणं, पुढच्याच्या हातात देणं याला २० सेकंद धरले, तर एक फेरी ८ मिनिटांची होते. अर्ध्या तासात पावणेचार फेऱ्या. म्हणजे ‘अर्धा तास मैदानी खेळ’ असं वहीत लिहिलं, तरी एकेका मुलाचं अंग हलतं सव्वा मिनिट. बाकी वेळ ते रांगेत उभं. पुढच्याला ढकलतं म्हणून ओरडाही तेच खातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनात ३-४ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी हवी. १८० एकट्या अंगणवाडीत होणार नाहीत, पण दमाची ६० व्हायलाच हवीत, तीही तीस-तीस मिनिटांच्या दोन पाळ्यांत. त्यासाठी वेगळी कवायत लागणार नाही. रांग मोडली की अर्धं काम झालं. ठरलं ते असं: चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी सहा मुलं, दर ७ मिनिटांनी बदल. प्रत्येक ठिकाणी सहाही जणांना एकाच वेळी करता येईल असंच काम ठेवायचं.

१२ जून

मोजायची पद्धत नक्की केली. वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. तीन मुलं निवडायची: एक दंगेखोर, एक मधलं, एक कोपऱ्यात राहणारं. प्रत्येकाकडे ५ मिनिटं, दर १५ सेकंदांनी एकदाच बघायचं, म्हणजे २० वेळा. त्या क्षणी मूल जे करत असेल त्याची खूण करायची: ‘प’ पळतंय किंवा उडी मारतंय, ‘च’ चालतंय, ‘उ’ उभं किंवा बसलेलं. मधल्या काळात काय केलं ते धरायचं नाही, नाहीतर डोळे आपोआप दंगेखोर मुलाकडे वळतात आणि सगळं अंगण खेळतंय असं वाटतं.

पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या मुलीच्या ओळीत ‘उ’ची रांग लागली. काम करायचं ते त्या ओळीसाठी. दंगेखोर मूल कसंही पळतंच.

१७ जून

टायर आले. पंक्चरच्या दुकानातून छोट्या गाडीचे, १२ इंची रिमचे, बाहेरचा व्यास साधारण ५४ सेंटीमीटर. अकरातले तीन परत केले, कारण आतली तार वर आली होती. तार डोळ्याला दिसत नाही, म्हणून जुन्या सुती फडक्याने टायर आतून-बाहेरून पुसून काढायचा. जिथे फडकं अडकेल तिथे तार आहे. बोट फिरवून बघू नये.

सहा टायर उभे, अर्धे गाडले. चर ३२ सेंटीमीटर खोल, तळाला ५ सेंटीमीटर खडी, वर टायर. २७ सेंटीमीटर जमिनीत, २७ वर. दोन टायरमध्ये ३० सेंटीमीटर अंतर, तीन वर्षांच्या मुलाची टांग तेवढीच पडते. टायर उभा केल्यावर मध्ये अर्धगोल भोक उरतं आणि त्यात पाय जाऊन मूल तोंडावर पडतं. म्हणून भोकात आणि टायरच्या पोकळीतही ओला मुरूम ठासून भरला आणि धुमसाने चोपला. एकदाच भरून चोपलं तर वरचा थर बसतो आणि आत पोकळी राहते. १० सेंटीमीटरचे थर घेत चोपायचं.

दोन टायर आडवे ठेवले. त्यांच्या खालच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, १२ मिलिमीटरची चार-चार भोकं. ड्रिलचा बिट रबरात तापून अडकतो. साबणाचं पाणी सोडत हळू चालवला की जातो. ही भोकं चुकवून चालणार नाही. टायरमधल्या वाटीभर पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. मुलांना खेळ द्यायचा म्हणून त्यांच्या दारात डास पाळायचे नाहीत.

रंग दिलेला नाही. एका घरात पडून असलेला जुना ऑइलपेंटचा डबा आला होता, परत केला. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्यात काय आहे ते सांगता येत नाही आणि या वयाची मुलं हात तोंडात घालतात. चुनाही नको. तो हाताला लागतो आणि हात डोळ्यांत जातो.

२३ जून

ठिबकच्या नळ्यांची कडी. इथे डाळिंबाच्या बागांतून काढलेली १६ मिलिमीटरची नळी बांधावर पडून असते. १ मीटर ९० सेंटीमीटर तुकडा कापला की ६० सेंटीमीटर व्यासाचं कडं होतं. टोकं ठिबकच्याच जॉइनरने जोडायची. नळी गरम पाण्यात मिनिटभर बुडवली की जॉइनर सहज बसतो, गार झाल्यावर निघत नाही. २४ कड्यांना ४६ मीटर नळी लागते. उन्हाने कडक झालेली नळी घेऊ नये. वाकवताना पांढरी रेघ उमटली तर ती महिन्याभरात मोडते आणि तिची धार कापते.

चूक झाली ती मांडताना. कडी कोब्यावर ठेवली, मुलं उड्या मारायला लागली आणि पाय नळीवर पडला की कडं सरकून मूल मागे आपटायला लागलं. दहा मिनिटांत सगळी उचलली. आता कडी फक्त मुरमावर. कोब्यावर त्याच मापाची वर्तुळं गेरूने काढली. गेरूत थोडा डिंक घातला तर आठवडाभर टिकतात.

२ जुलै

वाळूचा खड्डा, घसरगुंडीच्या पायथ्याशी. घसरगुंडीची उंची १.२ मीटर. त्या उंचीला वाळू ३० सेंटीमीटर हवी, कारण पायांखाली ती दबून कमी होते. खड्डा ३ मीटर बाय २ मीटर, खोली ४० सेंटीमीटर: तळाला १० सेंटीमीटर खडी, वर ३० वाळू. वाळू १.८ घनमीटर, म्हणजे ६४ घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणून पाऊण ब्रास मागवली. उरलेली पोत्यात भरून ठेवली, भर घालायला लागतेच.

पहिल्या ट्रॅक्टरमध्ये क्रश सँड आली, ती परत पाठवली. बांधकामाला ती चालते, पण तिचा कण दगड फोडून झालेला, धारदार असतो. गुडघे सोलवटतात, धूळ डोळ्यांत जाते आणि ती घट्ट बसते. पडणाऱ्याला झेलायला गोल कणाची, धुतलेली, सुटी राहणारी वाळू लागते.

घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून होती. अकरा वाजता पत्र्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवता येईना. जिथे आपला हात टिकत नाही, तिथे मुलाची मांडी टिकणार नाही. काढून उत्तरेला तोंड करून, कडुलिंबाच्या सावलीत बसवली. शिडीच्या कठड्यात एक फट १५ सेंटीमीटरची होती. ९ ते २३ सेंटीमीटरमधली कुठलीही बंद फट या वयाला धोक्याची: अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं. मध्ये आडवी पट्टी मारून ती बुजवली.

११ जुलै

मांजरं. वाळू पडल्यापासून चौथ्या दिवशी घाण सापडली. ताडपत्री टाकली तर तिच्यावर पाण्याचं तळं झालं, खालची वाळू कुजल्यासारखी वास मारू लागली. मग डाळिंबाच्या बागेतली शेडनेट कडेला विटा ठेवून ताणून बसवली. पाणी जातं, हवा जाते, मांजर जात नाही. सकाळी नेट काढून फावड्याने वाळू वरखाली करायची आणि तेव्हाच काच-खिळा बघायचा. खेळ संपला की साबणाने हात, मगच खिचडी. मुलांना जंताची गोळी मिळाली आहे का ते नोंदवहीत ताडून घेतलं.

तोलाची फळी बसवली. लांबी २.४ मीटर, रुंदी १५ सेंटीमीटर, जमिनीपासून उंची १५. दोन्ही टोकांना आणि मध्ये विटांचा ओटा, फळी हलता कामा नये. मोठ्यांसाठी शेजारी १० सेंटीमीटर रुंदीची दुसरी.

फळीवर सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो मोठ्या माणसाचा हात. हात धरला की मूल त्या हाताकडे झुकतं, भार आपल्यावर टाकतं आणि फळीवरून वीसदा गेलं तरी तोल शिकत नाही. मदतनीस ताईंना सांगितलं: हात धरायचा नाही, पलीकडच्या टोकाला उकिडवं बसायचं आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादं पान धरायचं. मूल पायांकडे बघायचं सोडून पानाकडे बघतं आणि मान सरळ राहते. फारच घाबरलं तर कासऱ्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं आपल्या हातात. दोर सैल असतो, त्यावर भार टाकता येत नाही. धीर मात्र येतो. जी मुलगी दोन दिवस फळीच्या टोकाशी उभी राहून परत फिरत होती, ती आज दोर धरून अर्ध्यापर्यंत आली आणि तिथे दोर तिनेच सोडून दिला.

चप्पल काढायची. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून घेतलेली चप्पल दोन बोटं मोठी असते आणि फळीवर तिचं टोक दुमडतं. अनवाणी मुलाची बोटं फळी पकडतात. पण त्यासाठी रोज सकाळी अंगण खराट्याने झाडायलाच हवं. इथे बाभळीचा काटा आणि सराटे दोन्ही आहेत. पावसानंतर सराट्याचा वेल पसरतो. पिवळं फूल दिसलं की मुळासकट उपटायचा. काटे धरल्यावर उपयोग नाही.

२१ जुलै

भुरभुर. सह्याद्रीच्या पाठीमागचा तालुका, पाऊस फार नाही. पण ओल्या कोब्यावर पळू देता येत नाही. खोली ५ मीटर बाय ४. आत पळायचं नाही, दुसऱ्या पद्धतीने दमायचं:

दोन गोधड्या लांबट अंथरून त्यांवर लोळत जाणं, हात डोक्यावर ताठ. टेबलाखालून सरपटणं. खेकड्यासारखं पालथ्या हातांनी मागे चालणं. चार मीटरला पाच वर्षांच्याचाही दम निघतो. रद्दीच्या कागदाचे बोळे करून मधल्या दोरीपलीकडे फेकत राहणं, दोन मिनिटं, २४ जण एकाच वेळी. आणि कांदाफोडी: दोघी समोरासमोर बसून तळवे टेकवतात, पायांवर पाय, त्यावर वीत, मग वितीवर वीत. उडी मारणाऱ्याला उंची आपोआप वाढत जाते. लहानांसाठी तळव्यांवरच थांबायचं.

कांदाफोडीतही रांग लागते. म्हणून एक जोडी न ठेवता खोलीत सहा जोड्या बसवल्या.

२९ जुलै

नागपंचमी. वाडीतल्या बाया अंगणात आल्या, झिम्मा-फुगडी झाली. मुलांच्या आपापसांतल्या फुगडीला पूर्ण मोकळीक. सारख्या उंचीच्या जोड्या लावल्या, मुरमावरच. मोठ्या बाईने लहान मुलाशी फुगडी घालणं मात्र थांबवलं. चार-पाच वर्षांपर्यंत कोपराचा सांधा कच्चा असतो, हात झटक्यात ओढला गेला तर कोपर निसटतं. मनगटाला धरून गरगर फिरवणं, दोन हातांना धरून उचलणं, चालताना खेचणं, यानेही तेच होतं. ओळखायची खूण: मूल रडून गप्प बसतं, पण तो हात अंगाशी धरून ठेवतं आणि त्या हाताने काही घेत नाही. चोळायचं नाही, घरी सांधा बसवू पाहायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. उचलायचं झालं तर काखेतून.

१२ ऑगस्ट

चेंडू. बाजारचा प्लास्टिकचा चेंडू या वयाला फार उसळतो. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, वरून सुतळीचं जाळं विणून १२ चेंडू केले, मोसंबीएवढे. फेकायला उत्तम, लागत नाहीत, लांब जात नाहीत, म्हणून आणायला जाण्यात वेळ जात नाही.

झेलण्यात अडचण वेगळी. तीन-चार वर्षांचं मूल चेंडू येताना तोंड फिरवतं, डोळे मिटतं. हे भित्रेपण नव्हे, त्या वयाचं ते स्वाभाविक आहे. ‘बघ ना नीट’ म्हणून काही होत नाही. क्रम असा ठेवला: पहिला आठवडा ओढणीचा ४० सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा वर उडवून पकडणं, तो हळू उतरतो आणि डोळ्यांना वेळ मिळतो. मग पाय पसरून समोरासमोर बसून मोठा चेंडू घरंगळवणं. मग हवा थोडी कमी केलेला २० सेंटीमीटरचा चेंडू एक टप्पा देऊन. टप्प्याशिवायचा झेल पाच वर्षांपुढे.

फेकताना ज्या बाजूचा हात, त्याच बाजूचा पाय पुढे टाकणारी मुलं बरीच आहेत. तोंडाने सांगून सुधारत नाही. उलट्या पायाच्या जागी गेरूने एक पाऊल काढलं आणि ‘फेकताना यावर पाय’ एवढंच सांगितलं.

१ सप्टेंबर

लंगडी. तीन वर्षांच्या मुलाकडून मागूच नये, त्याला दोन्ही पायांची उडी जमली तरी खूप. चौथ्या वर्षी चार-पाच ठेके जमतात. पाचव्याला तीन मीटर. सुरुवात भिंतीला एक हात लावून. दोन्ही पायांवर करून घ्यायची. मुलं लाडक्या पायावरच घालत राहतात.

खरी अडचण ‘बाद’ची. लंगडीत, संगीत खुर्चीत, शिवणापाणीत जे मूल हळू, ते पहिलं बाद होतं आणि उरलेला वेळ बसून बघतं. ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच खेळ बाहेर काढतो. यावर उत्तर आपल्याच गल्लीत आहे: कच्चं लिंबू. बारक्या भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही आणि ते बाद नाही. आम्ही अख्ख्या पटालाच कच्चं लिंबू केलं. लंगडीत ज्याला हात लागला त्याने शेजारच्या चौकोनात जाऊन पाच बेडूकउड्या मारायच्या आणि परत आत यायचं. संगीत खुर्चीत खुर्ची काढायची, मूल नाही. शेवटी एका गोधडीवर सगळे दाटीवाटीने मावायचे. ‘डोंगराला आग लागली’ला वर्तुळं मुलांपेक्षा दोन जास्त काढायची.

शिट्टी बंद केली. आता ठिकाण बदलताना लाल ओढणी वर धरतात. मुलं मान वर करून बघत राहतात, आणि ज्याला कमी ऐकू येतं त्यालाही त्याच क्षणी कळतं.

‘टॅम्प्लीज’ मात्र कायम. थकलेल्या मुलाने मूठ वर करून टॅम्प्लीज म्हटलं की त्याला कुणी हात लावायचा नाही, कितीही वेळ. थांबायची सोय असली की मूल परत येतं.

१८ सप्टेंबर

वजन-उंचीच्या दिवशी खेळाची यादीही पाहिली. ज्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या आत, त्याला पळायच्या ठिकाणी घ्यायचं नाही. आधी उपकेंद्रात दाखवायचं, आहार आणि उपचार सुरू करायचे. तोवर वाळू, चेंडू घरंगळवणं आणि गाणं. पण त्याला खोलीत एकटं बसवू नये. अंगणातच, सावलीत, बाकीच्यांच्या शेजारी. ११.५ ते १२.५ मधल्या मुलांना खेळू द्यायचं, फक्त पाळी १५ मिनिटांची आणि खेळाआधी काहीतरी पोटात. सर्वांसाठी: दर २० मिनिटांनी पाणी. ओठ निळसर दिसले किंवा खाली बसल्यावरही श्वास शांत होईना, तर खेळ बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

वेळापत्रक बदललं. पहिली पाळी आल्या-आल्या, दुसरी आहाराच्या आधी. खिचडीनंतर उड्या घेतल्या की दोन-तीन जण ओकायचे. ते आता थांबलं.

८ ऑक्टोबर

पालकसभा. दिवसाच्या १८० मिनिटांतली अंगणवाडीत ६०, म्हणजे उरलेली १२० मिनिटं घरची. भाषण न देता घरात आधीच असलेली कामं मांडली. अंगणवाडीत येताना गाडीवर किंवा कडेवर न आणता चालवत आणणं. अर्धा किलोमीटर जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं होतात. तांब्याने झाडांना पाणी घालणं. कोंबड्या खुराड्यात घालणं, यात तर मूल मनसोक्त पळतं. शेळीमागे जाणं. २ ते ४ वर्षांपर्यंत पडद्यासमोर दिवसाला एक तासाच्या वर नको, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनातलं. जेवताना मोबाइल दिला की तो तास दुपारीच संपतो.

‘पडशील’ या शब्दावर बराच वेळ बोलणं झालं. त्याऐवजी काय म्हणायचं ते ठरवून दिलं: ‘खाली बघ’, ‘दोन्ही हात धर’, ‘उतरताना तोंड भिंतीकडे’. यातून मुलाला काय करायचं ते कळतं, ‘पडशील’मधून नुसती भीती कळते. ‘पोरीने पळून काय करायचंय’ असंही एकदा आलं. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, हे बायांनीच सांगितलं.

वस्त्यांवरची चार मुलं लांब म्हणून येत नाहीत. १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हाही पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथून. तसंच करायचं. पिशवी तयार केली: चार कडी, सहा चिंध्यांचे चेंडू, ओढणीचे चार तुकडे, पाच मीटर कासरा, गेरूचा खडा. मदतनीस ताई शनिवारी वस्तीवर तासभर. कासरा खेळ संपला की परत पिशवीत. झाडाला फास करून लटकता ठेवायचा नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची तपासणी. वाळू घसरगुंडीच्या तोंडाशी १९ सेंटीमीटरवर आली, कडेला ३० आहे. मुलं उतरतात तिथेच ती उडते, म्हणून माप नेहमी तिथेच घ्यायचं. पोत्यांतली भर घातली. तिसरा टायर डुलतो, आतला मुरूम बसलाय; उकरून, भिजवून, परत चोपायचा. फळीच्या मधल्या ओट्याची एक वीट सुटली. २४ पैकी पाच कडी मोडली, पाचही जॉइनरजवळ. पुढच्या वेळी जोडाजवळचा तुकडा नवीन नळीचा घ्यावा.

१२ जूनच्या पद्धतीने परत मोजलं, तीच तीन मुलं. दंगेखोराची ओळ होती तशीच आहे. कोपऱ्यातल्या मुलीच्या वीस खुणांत आता ‘उ’ मोजके, ‘च’ भरपूर आणि फळीजवळ असताना सलग तीन ‘प’. तिचं आवडतं ठिकाण टायर आहेत. तिसरा टायर उद्या सकाळी मुलं यायच्या आत बसवायचा.